मशीन नंबर सात

कालही मी लॅपटॉप बंद केला आणि तो बंद झाला नाही. नुसता झोपला म्हणे. सकाळी झाकण उचललं तर आदल्या दिवशी मी वैतागून जिथे सोडलं होतं, तिथूनच सगळं पुन्हा सुरू. आमचे हे पेपराआडून म्हणाले, "बंद करणं वेगळं आणि झोपवणं वेगळं. एवढं तरी शीक." मी म्हटलं, "तुम्हाला येत असेल तर या, बसा इथे." त्यावर ते राशिभविष्य वाचायला लागले.

मला अगदीच काही येत नाही असं नाही. दिंडोरीच्या तहसील कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची दहा-बारा कॉम्प्युटरसमोर. पण तिथलं काम ठरलेलं. डाव्या हाताला खाली कोपऱ्यात एक बटण असायचं, ते दाबलं की हवं ते निघायचं. इंग्रजी बटणं एका बोटाने शोधून रकाने भरायचे, दाखला छापायचा, पुढचा माणूस. या लॅपटॉपला ते बटणच नाही. यात लिनक्स नावाचं काहीतरी घातलंय. वर एक काळी पट्टी, तिच्यात मुंगीएवढी चित्रं, आणि मधोमध नुसता निळा डोंगर. पहिले दोन दिवस मी त्या डोंगराकडे बघत बसले. कुठून आत शिरायचं तेच कळेना. पण शिरायचं तर होतंच, कारण लॅपटॉप मालनचा होता.

मालन माझी मैत्रीण. श्रावणात ती गेली. त्याआधी नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तिच्या मुलीच्या, वर्षाच्या, लग्नाला मी गेले नाही, तेव्हापासून. का गेले नाही ते विचारू नका. कारण होतं, आणि त्या वेळी ते मला डोंगराएवढं वाटलं होतं. आता शोधायला गेले तर हाताला लागत नाही. दहाव्याला तिच्या घरी, सटाण्याला गेले, बायकांच्या मागे उभी राहिले, कुणाशी न बोलता संध्याकाळच्या एसटीने नाशिकला परत आले.

दिवाळी झाल्यावर वर्षा दारात उभी. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत हा लॅपटॉप. चहा होईस्तोवर इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, आईच्या लॅपटॉपमध्ये एक फाइल आहे. नाव दिलंय 'मशीन सात'. आम्हाला कुणालाच अर्थ लागेना. मग मला आठवलं, आई सांगायची, टायपिंगच्या क्लासात तुम्ही दोघी एकाच मशीनवर होतात."

"सात नंबर," मी म्हटलं, आणि चहाचा कप खाली ठेवला.

तिने फाइल उघडून दाखवली. पाऊण पान अक्षरं होती, पण इंग्रजी, आणि इंग्रजीही धड नाही. मध्येच कंस, मध्येच अर्धविराम, बारक्या अक्षरांत उगाच एखादं मोठं अक्षर घुसलेलं. वर्षा म्हणाली, "लॅपटॉप फार जुना झाला होता. चालेना, म्हणून ह्यांनी आतलं सगळं काढून हे नवीन टाकलं. फायली राहिल्या, पण आई ज्या मराठी अक्षरांत टाइप करायची, ती अक्षरं गेली." अक्षरं गेली म्हणजे कुठे गेली, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि खरं सांगते, आजही नीटसं कळलेलं नाही.

"इंटरनेटवर टाकलं की बदलून मिळतं म्हणे, मावशी. ह्यांना सांगते मी."

"नको," मी म्हटलं. नऊ वर्षांत मालनने माझ्यासाठी काय साठवून ठेवलंय कुणास ठाऊक. शिव्या असणार. तिच्या शिव्या फार अस्सल असत, बागलाणातल्या. त्या आधी जावयाने वाचायच्या, मग मुलीने, आणि मग मला मिळायच्या, हे मला चालणार नव्हतं. "ठेव इथे. माझं मी बघते."

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. जाताना मालन माझ्यावर रागावलेली होती की नव्हती. दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती, आणि जिला विचारायचं तिला विचारायची वेळ मी घालवली होती.

वर्षा पुण्याला परत जाताना वहीच्या पानावर सगळं लिहून देऊन गेली. एक, दोन, तीन असे आकडे घालून. ते पान मी देवघरातल्या पोथीसारखं जपते, पण त्याचा उपयोग होत नाही. पानावर लिहिलंय 'एकदा क्लिक करा', मी करते, काही होत नाही. मी दोनदा करते, दोन खिडक्या उघडतात. एकदा माझं बोट कुठे लागलं देव जाणे, उघडलेलं सगळं सर्रकन बाजूला गेलं आणि कोरा डोंगर समोर. मी घाबरले. वर्षाला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, काही गेलं नाही. यात चार टेबलं असतात. तुम्ही दुसऱ्या टेबलावर आलात." मी म्हटलं, "अगं, मला एक टेबल आवरत नाही, चार कशाला दिलीत?" ती हसली. तिचं हसणं आईसारखं आहे, शेवटी जरा खोकल्यासारखं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ते पहिलं टेबल शोधत होते.

झाकण मिटलं की त्याच्यावर हळदीकुंकवाचं एक बोट दिसतं. पुसट झालंय, पण आहे. मालनने दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली असणार. ही खोड आमच्या क्लासातली.

क्लास रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत होता, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. जिन्याला कठडा नव्हता, सुंभाची दोरी बांधलेली होती. ती धरून वर चढायचं आणि वर पोचेपर्यंत हाताला पीठ लागायचं. सगळ्याला पीठ लागलेलं असायचं. मशीनच्या खाचांत, खिडकीच्या गजांवर, सरांच्या भुवयांवर. ज्वारीच्या गरम पिठाचा वास खालून यायचा आणि वर मशीनच्या तेलाचा, रिबनच्या शाईचा, कार्बनपेपरचा. तो मिश्र वास पुढे आयुष्यात मला कुठे मिळाला नाही. बारा मशीनं एकदम चालू झाली की खालचा गिरणीचा पट्टासुद्धा ऐकू यायचा नाही. ओळ संपत आली की टिंग. एकीची टिंग, मग दुसरीची, मग तिसरीची, आणि आपली ओळ सगळ्यांच्या मागे.

मी दिंडोरीहून पहिल्या गाडीने यायची. हिवाळ्यात सात वाजता नाशिकला अशी थंडी की बोटं वळायची नाहीत आणि मशीनची बटणं बर्फासारखी. मालन आधीच येऊन बसलेली असायची. ती नामपूरची, पंचवटीत मामाकडे राहायची. मामाचा कांद्याचा व्यापार, घरभर गोण्या, त्यामुळे तिच्या दप्तराला, ओढणीला, केसांच्या रिबिनीलासुद्धा कांद्याचा वास. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. तिने ते बघितलं आणि घरच्या बोलीत म्हणाली, "तुनी साडीले काय अत्तर लायेल शे का वं?" माझ्या साडीला फवारणीच्या औषधाचा वास होता. आमची द्राक्षांची बाग, औषधाचे डबे आणि कपड्यांची दोरी एकाच पडवीत. आम्ही दोघी हसलो. मशीनं कमी आणि मुली जास्त म्हणून सरांनी आम्हाला सात नंबर दोघींत एक दिलं. अर्धा तास तिने बसायचं, मी उतारा वाचून दाखवायचा. मग उलट.

ती मला बाई म्हणायची. मी काही तिची बाई नव्हते, तिच्याहून चार महिन्यांनी लहानच. पण उतारा वाचताना माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होतो, असं तिचं म्हणणं. "बाई गं, हळू वाच." दिवसातून वीस वेळा.

सरांचा पहिला धडा मला अजून पाठ आहे. मधल्या ओळीवर बोटं ठेवायची. ही बोटांची घरं. वर जा, खाली जा, परत घरी या. डाव्या मधल्या बोटाखाली क, तर्जनीखाली पहिली वेलांटी. उजव्या तर्जनीखाली र, मधल्या बोटाखाली काना. मालनची डावी करंगळी लहानपणी विळ्याने कापली होती, ती वाकडी सांधली होती. लांबची बटणं तिला पोचायची नाहीत. सर छडी मारायचे नाहीत, नुसते मागे येऊन उभे राहायचे, आणि त्यांच्या अंगाला येणाऱ्या पेट्रोलच्या वासाने आम्हाला कळायचं की आता काहीतरी चुकलंय. मशीनचे अक्षरांचे खिळे ते पेट्रोलमध्ये बुडवलेल्या दातांच्या ब्रशने घासायचे.

माघ-फाल्गुनात दादा, म्हणजे माझे वडील, द्राक्षांचा घड कागदात बांधून द्यायचे. आम्ही तो माडीच्या जिन्यात बसून संपवायचो आणि तसेच चिकट हात घेऊन मशीनवर. एकदा सातचा र चिकटला. दाबला की खालीच राहायचा, नखाने उचलावा लागायचा. सरांनी वास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या मलाही आणा." खंडेनवमीला बाराही मशीनं पुसून ओळीने ठेवलेली असायची, प्रत्येकाला झेंडूचं फूल आणि हळदीकुंकवाचं बोट. त्या दिवशी टाइप करायचं नाही. सगळी माडी गप्प आणि खालून एकट्या गिरणीचा आवाज. आम्हाला ते इतकं चमत्कारिक वाटायचं की आम्ही कुजबुजत बोलायचो.

तर ही सगळी माडी डोक्यात घेऊन मी त्या निळ्या डोंगरासमोर बसलेली.

पाचव्या-सहाव्या दिवशी मला एक अक्कल सुचली. अक्षरं गेली ना, मग या लॅपटॉपला मराठी शिकवलं तर? वर्षाला फोन केला. तिने नवऱ्याला विचारलं आणि मला एक काळी खिडकी उघडायला लावली. चित्र नाही, बटण नाही, नुसता काळोख आणि त्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. तिने सांगितलेली ओळ मी एकेक अक्षर शोधून लिहिली. मग त्याने पासवर्ड मागितला. मी दाबतेय, दाबतेय, काही उमटेना. टिंब नाही, फुली नाही. बटणं मेली म्हणून मी जोरजोरात दाबली.

"वर्षा, हे बिघडलं. काही दिसत नाही."

"मावशी, दिसत नाही पण उमटतंय. तुम्ही नुसतं लिहा आणि एंटर दाबा."

दिसत नाही पण उमटतंय. फोन तसाच कानाला होता. ती पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती आणि मला आमच्या क्लासातलं खोकं आठवत होतं.

बोटांकडे बघायची सवय मोडावी म्हणून सर आमच्या हातांवर बुटांचं रिकामं खोकं पालथं घालायचे. एक बाजू कापलेली, तिच्यातून हात आत. डोळे बाजूच्या उताऱ्यावर, बोटं अंधारात. एकदा आमच्या सातची रिबन तुटली. सर म्हणाले, "मालन, तू आज शेजारी बस." शेजारी आठ नंबर, आणि आठ इंग्रजी मशीन. मालनने बघितलंच नाही. खोकं ओढलं, हात आत घातले आणि मी वाचायला लागले. दहा मिनिटं मी वाचतेय, ती बडवतेय, नजर उताऱ्यावरून हलली नाही. पान ओढून काढलं तर सगळं इंग्रजी. अर्थ ना बूड, कंस काय, अर्धविराम काय. अख्खी माडी हसली. सगळ्यात आधी मी हसले, हेही सांगायला हवं. मालन रडायला लागली. "माले नई जमत वं हाई," म्हणाली, आणि दप्तर उचललं.

सरांनी ते पान हातात घेतलं, खिडकीशी नेलं, सुतळीने खिडकीच्या गजाला अडकवलं. मग दोन्ही हात हवेत समोर धरून बोटं हलवायला लागले आणि सावकाश, शब्द न शब्द, तो मराठी उतारा वाचायला लागले. आम्ही बघतच राहिलो. वाचून झाल्यावर म्हणाले, "दोन चुका. बाकी बोटं बरोबर आहेत. मशीन चुकलं." मालनने दप्तर खाली ठेवलं.

हे सगळं आठवलं आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तुम्ही म्हणाल, कशी बाई आहे. पण गोंधळलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. माझं सगळं लक्ष त्या काळ्या खिडकीत. पासवर्ड आत गेला, पांढऱ्या ओळी धबधब धावल्या, आणि लॅपटॉपला मराठी आलं. फार आलं. सगळी बटणं मराठीत बोलायला लागली आणि मला जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं. तीस वर्षं कचेरीत मी फायलीला नस्ती म्हटलंय, मला मराठी शब्दांची भीती नाही. पण 'रद्द करा' दाबलं तर काय रद्द होणार, माझं काम की मालनचं पत्र, हे कोण सांगणार?

आणि फाइल उघडली तर आतलं तसंच. तेच कंस, तेच अर्धविराम.

बरं, निदान मराठी टाइप तरी करून बघू म्हणून मी बोटं मधल्या ओळीवर ठेवली. चाळीस वर्षांनी. ती आपोआप घरी गेली. डोळे मिटून मी 'मालन' लिहिलं, आणि डोळे उघडले तर पडद्यावर भलतंच. क च्या जागी अक्षराचा पायच मोडतो, काना दाबला की क येतो. सगळ्यांची घरं बदललेली. एकटा र तेवढा जागेवर होता. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून मी यांच्यावर काढला. ते म्हणाले, "चहा टाकू का?" मी म्हटलं, "मी बाहेर चाललेय."

रिक्षाने कारंजावर उतरले. गल्ली सापडली, पण दोनदा पुढे निघून गेले. गिरणी नाही. तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, भिंतभर रंगीत कव्हरं लटकलेली, नव्या प्लॅस्टिकचा वास. जिना आहे, दोरी नाही, लोखंडी कठडा बसवलाय आणि वर शटर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, कोणत्या मॉडेलचं पाहिजे?" मी म्हटलं, "वर टायपिंगचा क्लास होता." ती म्हणाली, "वर गोडाऊन आहे." मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक मिनिट उभी राहिले. हात कठड्याला लावून बघितला. पीठ लागलं नाही.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. लॅपटॉप झोपलेला. झाकण उचललं तर मालनचं ते अगम्य पान तसंच समोर, मी उघडं टाकून गेले होते. हे आत चहा गाळत होते, गाळण्याचा आवाज येत होता. माझे दोन्ही हात टेबलावरच्या मेणकापडावर होते. मी पानावरचा पहिला शब्द बघत होते. सी, के, बी आणि मोठा झेड. आणि माझी बोटं हलली.

डाव्या हाताचं मधलं बोट खाली. उजव्याचं मधलं जागेवरच. डाव्याची तर्जनी खाली, आतल्या बाजूला. मग शिफ्ट धरून करंगळी.

बाई.

मी पुन्हा केलं. मेणकापडावर, हळूहळू. ब, काना, इ आणि त्यावर रफार, म्हणजे ई. बाई. पुढचा शब्द, एक्स आणि ए. गं.

"चहा," हे म्हणाले. मी म्हटलं, "ठेवा तिथे आणि दार लोटून घ्या." माझा चेहरा बघून त्यांनी कप ठेवला आणि दार लोटून घेतलं. मालन शेवटपर्यंत क्लासातल्या बोटांनीच टाइप करत होती. वर मराठी अक्षरांचं नुसतं पांघरूण होतं, ते जावयाने ओढून घेतलं, आणि खाली राहिली ती कोणती बटणं दाबली त्याची खूण. मी इतके दिवस ते डोळ्यांनी वाचत होते. ते डोळ्यांचं कामच नव्हतं.

एका ओळीला अर्धा तास लागत होता. काही अक्षरं येतच नव्हती, मग मी डोळे मिटून खोक्यात हात घातल्याचं मनात आणायची, आणि बोट आपलं आपण जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. वाचलेलं मी वहीत उतरवत गेले. ते असं:

"बाई गं, हे कुणाला सांगू नको. वर्षाने हा लॅपटॉप दिलाय. मला यातलं काही येत नाही. बोटं तेवढी चालतात. करंगळी अजून पोचत नाही.

वर्षाच्या लग्नात तुझं ताट वाढून ठेवलं होतं. कुणाला उचलू दिलं नाही. पंगती उठल्या, मांडववाले दोऱ्या सोडायला आले, तरी ठेवलं. मग ते मीच खाल्लं. राग आला होता आणि भूकही लागली होती. मठ्ठा आंबला होता.

पहिली दोन-तीन वर्षं राग चांगला होता. आता मुद्दाम आठवावा लागतो. आठवला तरी टिकत नाही. तू काय करतेस, तुझे गुडघे कसे आहेत, हेच मनात येतं.

हे तुला पाठवायचं आहे. कसं पाठवतात ते मला येत नाही. वर्षाला विचारायची लाज वाटते, म्हणेल एवढं साधं येत नाही का. शिकले की पाठवते.

माले तुनी याद येस वं."

एवढंच. खाली नाव नाही. शेवटची ओळ तिने क्लासातल्या मराठीत लिहिली नाही, घरातल्या बोलीत लिहिली.

शिकले की पाठवते. मला ती दिसली. सटाण्याच्या घरात खिडकीशी, चष्मा नाकावर, हा डोंगर किंवा दुसरं कुठलं तरी चित्र समोर, आणि कुठून बाहेर पडायचं ते कळत नाही. माझ्यासारखीच. तिला बिचारीला पाठवता येत नव्हतं. पण माझ्याकडे तिचा नंबर होता. नऊ वर्षांत मी तीन फोन बदलले आणि तिन्ही वेळा दुकानदाराला बजावून सांगितलं, जुने सगळे नंबर यात आले पाहिजेत. ते आले. मालनचाही आला. फोन लावायला मला कुणाकडून काही शिकायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे सांगतेय.

संध्याकाळी वर्षाचा फोन आला. "मावशी, उघडली का फाइल?"

"उघडली."

तिने हळूच विचारलं, "रागावली होती का आई?"

"तुझ्या लग्नात मठ्ठा आंबला होता का गं?" मी विचारलं.

"हो ना. आई आचाऱ्याला काय काय बोलली होती. तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर..." मी म्हटलं, "सावकाश सांगते. एकदा नाशिकला ये, जेवायलाच ये." मग मी फोन ठेवला.

आज दुपारी मी माळ्यावरून यांच्या चपलांचं रिकामं खोकं काढलं. एक बाजू कात्रीने कापली. लॅपटॉप पुन्हा इंग्रजीवर आणला, तेवढं आता येतं. मालनच्या फायलीत, तिच्या शेवटच्या ओळीच्या खाली, रेघ लुकलुकत होती. मी खोकं हातांवर पालथं घातलं, डोळे खिडकीबाहेर ठेवले आणि पाच-सहा शब्द लिहिले. उचलून बघितलं तर तिच्या लिहिण्यासारखंच दिसत होतं. तेच कंस, तेच अर्धविराम. कुणी तिसरा बघेल तर त्याला कुणी कुठलं लिहिलं ते ओळखू यायचं नाही. पण मला ठाऊक आहे मी काय लिहिलं. बाई गं, ताट वाढ, येते मी.

लॅपटॉपने विचारलं, बदल जतन करायचे का. पंधरा दिवस या प्रश्नाला मी घाबरत होते. आज सरळ हो म्हटलं.

बंद करायचं बटण कुठे असतं ते मला सापडलंय, वरच्या पट्टीत अगदी उजवीकडे. यांना दाखवणार आहे. पण आज मी ते दाबलं नाही. हळदीकुंकवाचं बोट पुसलं जाणार नाही अशा बेताने झाकण मिटलं आणि त्याला झोपू दिलं.